बाबिनचा वाटा

मित्रांनो, दवाखान्याच्या भिंतीवर काचेमागून पांढरा उजेड देणारी एक चपटी पेटी तुम्ही कधी पाहिली आहे का? डॉक्टर तिच्यावर एक्स-रेची काळी फिल्म अडकवतात, मान तिरकी करतात आणि निरखून पाहतात. तशीच एक जुनी पेटी म्हणजे मी. डॉक्टर मला व्ह्यू बॉक्स म्हणत आणि वॉर्डातल्या आया लाइटची पेटी म्हणत. मला आयांनी दिलेलं नाव जास्त आवडायचं.

माझा जन्म वडोदऱ्याच्या बाहेर, एका लहानशा पत्र्याच्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझी चौकट केली. आतून पांढरा रंग दिला, दोन ट्यूब बसवल्या, पुढे दुधी काच लावली आणि वरच्या कडेला फिल्म धरायची पट्टी ठोकली. काच बसवण्याच्या घाईत एक चिलट आतच राहिलं. ते काही वेळ ट्यूबभोवती फिरलं, काचेवर आपटलं, आणि शेवटी एका कोपऱ्याजवळ चिकटून वाळून गेलं. तेव्हा मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. आपणही असेच एका जागी राहणार आहोत, हे मला अजून ठाऊक नव्हतं.

टेम्पोत घालून मला सुरतेला आणलं. लिंबायत या कामगार वस्तीच्या अलीकडे एक धर्मादाय रुग्णालय होतं. तिथल्या छातीच्या आजारांच्या बायकांच्या वॉर्डात, डॉक्टरांचं टेबल आणि खिडकीकडची शेवटची खाट यांच्या मधल्या भिंतीवर मला स्क्रूंनी घट्ट आवळलं. इलेक्ट्रिशियनने जाताना मला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मी हलले नाही. "आता ही भिंत पडली तरच पडेल," तो समाधानाने म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं मी त्या भिंतीवरून एक बोटभरही सरकले नाही.

सुरुवातीला माझ्यामुळे एक गंमत झाली. एका नव्या डॉक्टरांना प्रत्येक रुग्णाच्या फिल्मवर एकाच जागी एक बारीक ठिपका दिसू लागला. बिचारे घाबरून गेले. तेव्हा डॉक्टर सुलभा पुढे आल्या. त्याही नव्याच होत्या, पण त्यांना घाई नव्हती. त्यांनी फिल्म थोडी उजवीकडे सरकवली. फिल्म सरकली, ठिपका जागच्या जागी राहिला.

"डाग फुप्फुसात नाही, पेटीत आहे," त्या म्हणाल्या, आणि सगळा वॉर्ड हसला.

त्या दिवसापासून काहीही बोलण्याआधी फिल्म सरकवून पाहायची त्यांना सवयच लागली.

मित्रांनो, माझ्या काचेवर मी किती छात्या पाहिल्या असतील! क्षयाने पोखरलेल्या, न्यूमोनियाने भरलेल्या, आणि मागांच्या कारखान्यात तुसं श्वासात घेऊन घेऊन धुरकट झालेल्याही. मग प्लेगचं वर्ष आलं. माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. माझी काच दिवसभर तापलेली असे. ती साथ ओसरली, रस्ते झाडून धुऊन लख्ख झाले, गेलेली माणसं परत आली आणि माग पुन्हा खडखडू लागले. पण खोकणाऱ्या माणसाकडे पाहायची नजर बदलली ती बदललीच. चाळीत कोणी जोरात खोकलं की शेजारची कडी आतून लागायची.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी हर्षदा आमच्या वॉर्डात आली.

ती चौथीत होती. वडील लोटू पावरलूमवर मागवाले, आई प्रमिलाबाई घरी बसून साड्यांना लेस लावायची. मूळ गाव धुळे जिल्ह्यातलं. हर्षदाचा खोकला कित्येक महिने जुना होता. चाळीला कळू नये म्हणून आई तिला तोंडाशी उशी धरून खोकायला सांगायची. एका दवाखान्याने क्षयाची औषधं दिली होती. ती सगळी खाऊन झाली, पण खोकला तसाच राहिला, आणि आता थुंकीत रक्ताचे कण दिसू लागले होते. तिचा आजार पसरणारा आहे की नाही, हे कळेपर्यंत तिला खिडकीकडची शेवटची खाट दिली. वॉर्डाच्या बाहेर जायचं नाही, असं सिस्टरांनी बजावलं. खिडकीला जाळी होती. जाळीतून समोरची भिंत आणि भिंतीवरचा आकाशाचा एक तुकडा दिसे. हर्षदा दोन्हीकडे पाहून कंटाळली की माझ्याकडे पाही.

तिची फिल्म माझ्यावर लागली तेव्हा मीही दचकले. उजव्या फुप्फुसात एक गोल सावली होती. कंपासने काढावी तशी, कडा स्वच्छ आणि सलग. डॉक्टर सुलभांनी सवयीप्रमाणे फिल्म सरकवली. या वेळी सावलीही फिल्मबरोबर सरकली.

"मोसंब्याएवढं आहे," मागून हर्षदा म्हणाली. ती केव्हा खाटेवरून उतरून आली ते कोणालाच कळलं नव्हतं.

"तुला कोणी उठायला सांगितलं?" सिस्टर ओरडल्या.

"माझंच तर आहे ना ते. बघू नको?"

डॉक्टर सुलभांना हसू आलं. पण त्या लगेच गंभीर झाल्या. हर्षदाला रक्त तपासायला नेल्यावर त्यांनी प्रमिलाबाईंना टेबलाशी बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी कुत्रं आहे का?"

"कुत्रं?" प्रमिलाबाईंना हा काय प्रश्न, असं झालं. "मॅडम, एका खोलीत आम्ही पाच जण. कूस बदलायची तर एकमेकाला सांगून बदलतो. कुत्रं कुठं ठेवू, फळीवर?"

हे उत्तर खरंच होतं. डॉक्टर सुलभांनी मान हलवली.

शेजारच्या खाटेवर मालतीबाई होत्या. दम्याच्या जुन्या रुग्ण. श्वास अपुरा पडायचा, पण बोलणं कधी अपुरं पडलं नाही. हर्षदा परत येताच त्या कुजबुजल्या, "ए पोरी, कुत्र्याची चौकशी चाललीय. तुमचं आहे का एखादं?"

"का?"

"असलं तर गप बस. डॉक्टरांनी लिहिलं की गाडी येते. गळ्यात फास टाकतात नि नेतात."

"कुठं नेतात?"

"मला काय पत्ता पाठवतात का? आमच्या गल्लीतली दोन नेली. परत आलेलं मी तरी पाहिलं नाही."

हर्षदा खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुलभांनी तिलाही विचारलं, "तू कधी कुत्र्याशी खेळतेस का ग?"

"नाही," ती म्हणाली. आणि मित्रांनो, हे म्हणताना तिने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी उजेडाची पेटी. माझ्यासमोर आलेल्या माणसाचा चेहरा मला फार स्पष्ट दिसतो.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला लोटू आला. पाळी संपवून तसाच आला होता. केसांत धाग्यांची तुसं आणि कानांत अजून मागांचा आवाज, त्यामुळे तो जरा मोठ्यानेच बोलायचा. घरातली बोली अहिराणी.

"कसं वाटस बेटा?"

"बरं शे. पप्पा, बाबिन काय करस?"

"काय करई? कारखानाना दारशी बठस. कोणी डबा लई उनं का उठस, तू शे का देखस, मंग परत बठस. भाकर टाकी त तोंड फिरावस. मालक बी इचारे, लोटूभाई, तमारा कुत्ता उपवास रखता है क्या?"

दर डब्यागणिक तिलाच शोधणाऱ्या बाबिनचं ऐकून हर्षदाला हसू फुटलं. पण लगेच तिने वडिलांच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल पप्पा. आठे त्यानं नाव नको लेऊ."

"का बरं?"

"नको म्हंजे नको."

मला तेव्हा सगळं समजलं. कुत्रा घरी नव्हता, हे खरं होतं. तो कारखान्यावर होता. बाबिन म्हणजे मागाची धाग्याची रीळ. पिल्लू असताना तो रिकाम्या बाबिनांच्या खोक्यात झोपायचा, म्हणून कामगारांनी त्याचं नाव बाबिन ठेवलं. हर्षदा लहान असल्यापासून दुपारी वडिलांचा डबा घेऊन जायची, त्याला कुशीत घेऊन बसायची, त्याच्याबरोबर एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने त्याला भरवायची. हे सगळं ती रोज थोडं थोडं पुटपुटत असे. मालतीबाई झोपल्या की खाटेवर आडवी पडून, माझ्या काचेकडे तोंड करून, बाबिनशीच बोलत असल्यासारखी. तिची सगळी गोष्ट मला ठाऊक झाली, आणि ती मला कोणालाच सांगता येत नव्हती.

भिंतीला आवळलेलं असणं म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत कळलं.

कारण पुढचं संकट माझ्याच समोर ठरलं. मोठे साहेब राउंडला आले. ते वयाने मोठे, प्रेमळ, गुजराती बोलणारे. त्यांनी फिल्म पाहिली, तापाचा तक्ता पाहिला. क्षयाच्या औषधांनी गुण नाही. कुत्र्याशी संबंध नाही. ताप चढतो आहे. म्हणजे ही पूची गाठ असावी, असा त्यांचा हिशोब झाला, आणि हाती असलेल्या माहितीवर तो चुकीचा नव्हता.

"काले सवारे सोय नाखी दईए," ते म्हणाले. म्हणजे उद्या सकाळी छातीत सुई घालून आतलं पाणी काढू.

"सर, मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबलो तर?" डॉक्टर सुलभांनी विचारलं.

"बेन, पू होय तो? छोकरीनो ताव जो." पू असेल तर थांबणं धोक्याचं, मुलीचा ताप बघ, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टर सुलभांनी पुन्हा फिल्मकडे पाहिलं. नुसत्या शंकेवर त्या किती अडणार?

पण मला उत्तर माहीत होतं, मित्रांनो. पूर्वी एका बाईची अशीच फिल्म माझ्यावर लागली होती, आणि तेव्हा डॉक्टर सुलभांनीच विद्यार्थ्यांना समजावलं होतं. ती गाठ नसते, ती पिशवी असते. आत स्वच्छ पाणी आणि त्या पाण्यात जंतांची असंख्य सूक्ष्म बीजं. पिशवीला सुई लागली आणि पाणी आत सांडलं, तर शरीर एकदम बिथरतं. अंग सुजतं, रक्तदाब कोसळतो, श्वास थांबू शकतो. आणि त्यातून माणूस वाचला तरी सांडलेल्या प्रत्येक बीजाची नवी पिशवी होऊ शकते. ती पिशवी अख्खीच काढावी लागते, सर्जनने, छाती उघडून, फार जपून.

उद्या सकाळी ती सुई हर्षदाच्या छातीत जाणार होती.

मला येत होतं ते मी केलं. मी लुकलुकले. एक ट्यूब विझवली, पेटवली, पुन्हा विझवली. सिस्टरांनी येऊन माझ्या कडेवर एक जोराची चापट मारली. "हिचा स्टार्टर गेला वाटतं," त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या. मी पुन्हा शांत, पांढरी, निरुपयोगी झाले. कोपऱ्यातल्या त्या वाळलेल्या चिलटाची मला त्या क्षणी आठवण झाली. त्यालाही बाहेरचं सगळं दिसत असेल, काचेतून.

दुपारी डॉक्टर सुलभा विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. त्यांच्या मनातली शंका गेलेली नव्हती. त्यांनी कपाटातून त्या जुन्या बाईची फिल्म काढली आणि हर्षदाच्या फिल्मशेजारी लावली. दोन गोल सावल्या माझ्यावर शेजारी शेजारी दिसू लागल्या.

"हा जंत मुळात कुत्र्याच्या आतड्यात राहतो," त्या म्हणाल्या. "तांदळाच्या दाण्याएवढा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत मिसळतात, त्याच्या केसांना लागतात. तिथून आपल्या हाताला, हातातून तोंडात. बकरीच्या पोटात गवताबरोबर जातात. मग यकृतात, फुप्फुसात पाण्याची पिशवी वाढते. वर्षानुवर्षं, हळूहळू. त्या बकरीचं कच्चं काळीज कुत्र्याने खाल्लं की पिशवीतली बीजं पुन्हा कुत्र्याच्या आतड्यात पोचतात. जंताचा फेरा पूर्ण झाला."

"आणि माणसात?" एका विद्यार्थ्याने विचारलं.

"माणूस त्याच्यासाठी बंद गल्ली आहे. आपलं काळीज कुत्रा थोडाच खाणार? तो आत शिरला की तिथेच अडकतो. पिशवीत बसून राहतो, कधी न येणाऱ्या कुत्र्याची वाट पाहत."

मी शेवटच्या खाटेकडे पाहिलं. तिथेही कोणीतरी रोज एका कुत्र्याची वाट पाहत असे. पण आता खाट रिकामी होती. हर्षदा शाल गुंडाळून विद्यार्थ्यांच्या मागे उभी होती.

"मग मॅडम, अशी कुत्री मारून टाकायला हवीत का?" दुसऱ्याने विचारलं.

"कशासाठी?" डॉक्टर सुलभा चटकन म्हणाल्या. "त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसतं. त्याचं काही दुखत नाही, खुपत नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडे गोळी मिळते. ती दिली की जंत मरतात. कच्चं काळीज द्यायचं बंद केलं, वेळच्या वेळी गोळी दिली, की कुत्रंही छान आणि आपणही छान."

विद्यार्थी लिहून घेऊ लागले. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"ती गोळी कडू असते?"

सगळे वळले.

"कोणती ग?"

"कुत्र्याची." हर्षदाने शाल घट्ट धरली. "भाकरीत घालून दिली तर त्याला कळेल? तो हुशार आहे. नको ते बरोबर थुंकून टाकतो."

मालतीबाईंनी डोक्यावरून चादर ओढली. डॉक्टर सुलभांनी फिल्मवरचा हात काढला आणि त्या हर्षदासमोर उकिडव्या बसल्या, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशा. कुत्रं आहे का, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

"त्याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

नाव सांगण्याआधी हर्षदाने विचारलं, "गाडी येईल?"

"कसली गाडी?"

"फासवाली."

"कोणी सांगितलं तुला?"

हर्षदा चादरीखालच्या मालतीबाईंकडे बघत राहिली. चादर खोकली.

"गाडी येणार नाही," डॉक्टर सुलभा म्हणाल्या. "गोळी मी आणून देते. भाकर कोणाच्या हातची खातो, ते तू सांग."

"माझ्या. नाहीतर पप्पांच्या." तिने एक मोठा श्वास घेतला, तिला जेवढा घेता येत होता तेवढा. "बाबिन त्याचं नाव. तो घरचा नाही, कारखान्याचा आहे. पण माझाच आहे."

मित्रांनो, लोखंडाच्या पेटीला काळीज नसतं, हे मला माहीत आहे. तरी त्या वेळी माझ्या दोन्ही ट्यूब अशा स्थिर, स्वच्छ पेटल्या की सिस्टर म्हणाल्या, "बघा, चापट लागली की सुधारते!"

डॉक्टर सुलभांनी निरोप धाडून लोटूला कारखान्यातून बोलावून घेतलं. तो धापा टाकत आला. मुलीला काही झालं, असंच त्याला वाटलं होतं.

"बाबिनला खायला काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

लोटूला आधी आश्चर्य वाटलं, मग जरा अभिमानही. "त्याला उपाशी नाही ठेवत मॅडम. भाकर, डाळ, आमच्या डब्यातलं. आषाढात मरीमायला बोकड कापतो ना आम्ही गाववाले मिळून, कारखान्याच्या मागं, तेव्हा वाटे लावतो. प्रत्येक घराचा एक वाटा. बाबिनचा पण एक. रातभर मागांची राखण करतो, मग त्याला वाटा नको?"

"कशाचा वाटा?"

"काळजाचा, फोफशाचा. कधी कधी त्याच्यावर पाण्याचे फोड असतात. ते माणसाला देत नाही. बोकड कापणारा आमचा दगाभाऊ सुरीनं तेवढंच काढतो आणि म्हणतो, हा बाबिनचा. आणि तो काय खुश होतो मॅडम! वरच्या वर झेलतो."

बोलता बोलता त्याने डॉक्टरांचा चेहरा पाहिला. मग माझ्या काचेवरची गोल सावली पाहिली. मग पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं. फोड, पाणी, पिशवी. त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही.

"म्हणजे ते फोड..." तो भिंतीला टेकला. माझ्या अगदी शेजारी. केसांतली तुसं माझ्या चौकटीला लागली. "म्हणजे पोरीला मीच..."

"दरवर्षी तुम्ही हसत बसायचे!" प्रमिलाबाईंचा आवाज चढला. "मी म्हणायची, फेका ते घाण. तर म्हणे, मुक्या जिवाचा वाटा आहे!"

"वाटा दिला त्यात चूक नव्हती," डॉक्टर सुलभा म्हणाल्या. "तो शिजवून द्यायला हवा होता. फोडांचा भाग खोल पुरायला हवा होता. हे तुम्हाला आजवर कोणी सांगितलं होतं का?"

लोटूने नाही म्हणून मान हलवली.

"मग आता मी सांगतेय. तुम्ही दगाभाऊंना सांगा."

मोठ्या साहेबांना त्यांनी तिथूनच फोन लावला. साहेब स्वतः आले, दोन्ही फिल्म पुन्हा पाहिल्या, आणि हर्षदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सारुं थयुं के तें कह्युं, दीकरी." बरं झालं तू सांगितलंस. मग सिस्टरांकडे वळून, "सोय बंध. सर्जनने बोलावो." सुई रद्द, सर्जनला बोलवा.

ताप उतरायची औषधं दिली आणि मग ऑपरेशन झालं. ज्या दिवशी तिला नेलं त्या दिवशी शेवटची खाट रिकामी होती आणि प्रमिलाबाई त्या खाटेच्या लोखंडी कडेला धरून उभ्या होत्या, जणू खाटही कोणी घेऊन जाईल. मालतीबाईंनी आपल्या थर्मासातला चहा कपात ओतून प्रमिलाबाईंपुढे धरला. तो कप तसाच थंड झाला.

दुपार कलताना डॉक्टर सुलभा आल्या. तोंडावरची पट्टी अजून गळ्यात लोंबत होती. त्यांच्या हातात स्टीलचं भांडं होतं. त्यात ती पिशवी होती. अख्खी. कुठेही न फुटलेली. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी, आत पाणी डुचमळणारी. इतक्या त्रासाची वस्तू इतकी स्वच्छ आणि निरागस दिसते, याचं मला नवल वाटलं.

"निघाली," त्या म्हणाल्या. एवढंच. प्रमिलाबाई मोठ्याने रडू लागल्या. या वेळी तोंडाशी उशी धरायची गरज त्यांना वाटली नाही.

बाबिनच्या गोळीचीही एक गोष्ट झाली. लोटूने ती भाकरीत घालून दिली. बाबिनने भाकर खाल्ली आणि गोळी बाजूला ठेवली. दुसऱ्यांदा गुळात घातली, तर त्याने गूळ चाटला आणि गोळी पुन्हा बाजूला ठेवली. शेवटी दगाभाऊने शिजवलेल्या मटणाच्या तुकड्याला चीर पाडून ती आत दडवली. तेव्हा कुठे ती बाबिनच्या पोटात गेली. पुढचे काही दिवस त्याची घाण लोटू स्वतः खड्ड्यात पुरून टाकत होता. हे ऐकताना हर्षदा टाके दुखतात म्हणून छाती धरून, पण खळखळून हसली. "मी सांगितलं होतं ना, तो हुशार आहे!"

दुसऱ्या आषाढात ती तपासणीला आली तेव्हा तिची नवी फिल्म माझ्यावर लागली. सावलीच्या जागी आता एक बारीक पांढरी रेघ होती. बाकी सगळीकडे भरलेला श्वास. डॉक्टर सुलभांनी फिल्म सरकवून पाहिली आणि मान डोलावली. "यंदा बाबिनचा वाटा?" त्यांनी विचारलं.

"शिजवून," लोटू म्हणाला. "दगाभाऊ आधी खड्डा खणतो, मग सुरी काढतो. आणि ही पोरगी साबण घेऊन नळाशी उभी राहते. हात धुतल्याशिवाय कोणाला, अगदी मालकालाही, पानावर बसू देत नाही."

त्यानंतरची माझी वर्षं तशी लवकर सरली. काच पिवळी पडली. एका ट्यूबच्या टोकाला काजळी धरली. नवी पेटी आली, माझ्याहून पातळ आणि माझ्याहून उजळ. ज्या स्क्रूंनी मला इतकी वर्षं धरलं होतं ते गंजले होते. काढताना भिंतीचा पोपडा माझ्याबरोबर निघाला आणि माझ्या काचेचा एक कोपरा फुटला. त्या फटीतून ते वाळलेलं चिलट बाहेर पडलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता मी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांना टेकून उभी आहे. भिंत नाही, वायर नाही, उजेडही नाही.

कुणी पुसून, नवी ट्यूब घालून मला पुन्हा लावलं तर मी अजून काम करीन. पण ते नाही झालं तरी माझी तक्रार नाही. कारण जिन्याच्या वरच वॉर्ड आहे आणि तिथलं बोलणं मला इथेही ऐकू येतं. डॉक्टर सुलभा अजून तिथे आहेत. छातीत गोल सावली असलेलं कोणी आलं, की त्या आता पूर्वीचा प्रश्न विचारत नाहीत. "घरी कुत्रं आहे का?" असं विचारलं की माणसं नाही म्हणतात, आणि ते खरंही असतं. त्या विचारतात, "तुमच्या ओळखीचं कुत्रं कोणतं? त्याचं नाव काय?"

मग वरून हसू ऐकू येतं. मुलं लगेच नाव सांगतात. काळू, टायगर, राजा. कोणी मटणाच्या दुकानापुढचं, कोणी देवळामागचं, कोणी शाळेच्या फाटकाशी बसणारं.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीचं असं एक कुत्रं असेल. त्याला कुशीत घ्या, पण मग हात साबणाने धुवा. त्याचा वाटा त्याला जरूर द्या, पण शिजवून द्या. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून त्याला वेळच्या वेळी गोळी द्या, आणि त्याने थुंकली तर पुन्हा द्या. आणि कधी डॉक्टरांनी त्याचं नाव विचारलं, तर ते दडवून ठेवू नका. मोठ्याने सांगा. तुमच्या समोर भिंतीला खिळलेली एखादी पेटी ते नाव ऐकायला जीव मुठीत धरून थांबलेली असेल.